मागच्या जीपची बॅटरी

मी चावी फिरवली. जीप एकदा कण्हली आणि गप्प झाली.

"काय झालं, भवर?" शेजारच्या सीटवरून ठोंबरे साहेबांनी विचारलं.

"थंडी आहे, साहेब. डिझेल गाडी, सकाळची जरा रुसते."

डिसेंबर होता, हे खरं. पण साडेनऊ वाजून गेले होते आणि बॉनेट उन्हानं चांगलं तापलं होतं. मागच्या सीटवर माझी बायको, मालन, काळ्या कापडाचं भलंमोठं गाठोडं कवेत धरून बसली होती. गाठोड्याआडून तिनं विचारलं, "काल बदलली होती ना?"

"बदलली होती."

"मग निघेल," ती म्हणाली आणि तिनं विषय सोडला.

फाट्यावरच्या चहावाल्याला आणि त्याच्या दोन गिऱ्हाइकांना मी हाका मारल्या. तिघांनी मागून रेटा दिला, पुढं जरा उतार मिळाला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तशी जीप धडधडत सुरू झाली. साहेबांनी डायरी काढून काहीतरी टिपलं. बस फाट्यावरच ठेवून आम्ही घाट चढायला लागलो.

बस म्हणजे आमचं घर. आम्ही ज्या संस्थेत होतो तिनं एक भंगारात निघालेली बस घेतली होती. आतली बाकडी काढून दोन खाटा, पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी बसवली होती. दिवाळी झाली की आम्ही नवराबायको तिच्यात राहायला जायचो, ते होळीपर्यंत. नाशिक जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या आश्रमशाळा घेत फिरायचं आणि मुलांना भर दिवसा तारे दाखवायचे, हे आमचं काम. मी ड्रायव्हर. बोलायचं काम मालनचं. ती बीएस्सी झालेली, मी सातवी. लग्न जमवताना माझ्या मामानं तिच्या वडलांना माझं शिक्षण दहावी सांगितलं होतं. आठव्या दिवशी तिला खरं कळलं. ती म्हणाली, "तीन इयत्ता राहिल्यात होय? घेऊ करून."

तारे दाखवायचे कसे, तर काळ्या कापडाचा एक मोठा घुमट शिवून घेतलेला होता. कूलरचा पंखा लावून हवा सोडली की तो फुगायचा. मुलं सरपटत आत शिरायची, आत मिट्ट काळोख. मधोमध मालननं स्वतः केलेलं यंत्र. दोन ॲल्युमिनियमची पातेली तोंडाला तोंड लावून जोडलेली, त्यांना सुईच्या टोकाएवढी शेकडो भोकं आणि आत गाडीचा छोटा बल्ब. बल्ब लागला की सगळं आकाश कापडावर उतरायचं. नकाशा समोर ठेवून एकेक भोक पाडायला तिला दीड महिना लागला होता. तेवढ्या दिवसांत आमच्या घरात भात शिजवायला पातेलं नव्हतं.

डोंगरावरच्या शाळांत वीज नसायची, असली तरी तिचा भरवसा नसायचा. पंखा, बल्ब, सगळं इन्व्हर्टर लावून जीपच्या बॅटरीवर. वर बस जायची नाही म्हणून जीप लागायची. एरवी ती लोखंडी दांडीनं बसच्या मागं बांधून ओढत न्यायची. जीपचा डायनॅमो कधीच मेला होता आणि नवा मंजूर होत नव्हता. म्हणजे बॅटरीतून नुसतं जायचं, यायचं काहीच नाही. शिवाय ओढत नेताना धुक्यात मागचे दिवे लावावे लागत, तेही त्याच बॅटरीतून.

पहिला उपाय मी केला. बसच्या बॅटरीपासून एक वायर सरळ मागं जीपपर्यंत ओढली. बस पळेल तशी जीपची बॅटरी भरेल, असा हिशोब. वीस किलोमीटरवर मालन म्हणाली, "अहो, सडकी अंडी कुठून आली?" थांबून बघतो तर जीपच्या बॅटरीतलं पाणी खळखळ उकळत होतं.

"बसला बॅटऱ्या किती?" तिनं विचारलं.

"दोन. एकीला एक जोडलेल्या."

"आणि जीपला एक. बारा लागणारीला तुम्ही चोवीस पाजलेत."

मग मी वायर दोन्हींच्या मधून, एकाच बॅटरीवरून घेतली. ते आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी बस सुरू होईना. दोघींतली जी मागं वाटून देत होती ती अर्धपोटी राहिली आणि दुसरी भरून वाहायला लागली. मी वैतागून म्हणालो, "जाऊ दे, तुझे तारे रात्रीचेच बघू दे पोरांना."

ती दोन दिवस वहीत आकडे मांडत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "वायर काढून टाका. तिन्ही बॅटऱ्या एका मापाच्या घ्यायच्या. दोन बसमध्ये, एक जीपमध्ये. रोज संध्याकाळी जीपमधली काढून बसमध्ये आणायची आणि बसमधली एक तिकडं धाडायची. दोन दिवस माहेरी, एक दिवस सासरी. माहेरी खाऊन यायचं, सासरी राबायचं."

मी हसलो. पण ते चाललं. दोन हंगाम एकाही शाळेत खेळ अडला नाही. ओळखायला तिनं एकेकीच्या कडीला रंगीत दोरा बांधला होता, लाल, पिवळा, हिरवा. आज कुठला दोरा कुठं हवा, ते वहीत लिहिलेलं असायचं. दर रविवारी ती काचेच्या नळीत ॲसिड ओढून तपासायची. वाटेत भेटणारे ट्रकवाले थांबून बघायचे. त्यातल्या एकानं स्वतःच्या कारखान्यातल्या मिस्तरीला दाखवायला ती पद्धत कागदावर लिहून नेली होती.

उचलायचं काम माझं. एकेक बॅटरी चाळीस किलोची. एक काढायची, एक घालायची, रोज.

त्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी बॅटरी उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. घाम फुटला, पण बोललो नाही. आदल्या दिवशीच धाब्यावर एक ओळखीचा ड्रायव्हर चारचौघांत म्हणाला होता, "निवृत्ती, तू ड्रायव्हर का हमाल रे? बायको वही बघून सांगते आणि तू ओझी वाहतोस." ते डोक्यात होतं. आता कंबर मोडली हे बायकोला सांगायचं आणि तिच्याकडून बॅटऱ्या उचलून घ्यायच्या, हे काही मला जमण्यासारखं नव्हतं. मी हातातली बॅटरी होती तिथंच परत ठेवली आणि दोरे सोडून इकडचे तिकडे बांधले. वहीत हिरवा तर हिरवा. मंगळवारीही तेच, बुधवारी तेच, गुरुवारी तेच. बॅटऱ्या जागच्या हलल्या नाहीत, दोरे तेवढे फिरले. जीपमधली चार दिवस सासरीच राबत होती, आणि त्यात तीन शाळांचे खेळ झाले होते.

आज शुक्रवार होता आणि संस्थेचे ठोंबरे साहेब खेळ बघायला आले होते. ते नुसते बघायला आले नव्हते. मालन सात वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होती. तिला कायम करायची ऑर्डर टाइप होऊन साहेबांच्या बॅगेत होती. एक खेळ नीट बघायचा आणि सही करायची, एवढंच राहिलं होतं. तिनं त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली होती. इस्त्री म्हणजे रात्रभर गादीखाली ठेवलेली. माझं म्हणाल तर मी कायम होतो, पण माझ्या नावावर दोन मेमो होते. तिसऱ्याला घरी पाठवणार, हे साहेबांनीच मला मागच्या वर्षी बजावलं होतं.

शाळेच्या पत्र्याच्या पडवीत घुमट लावला. जीपमधली बॅटरी गावित गुरुजींनी आणि मी मिळून उतरवली आणि घुमटाबाहेर ठेवली. गुरुजी होते म्हणून माझं निभावलं. मी तारा जोडल्या. पंखा फिरला, घुमट फुगला, साठ मुलं आत गेली. साहेबही बूट काढून सरपटत आत गेले.

मी बाहेर बॅटरीजवळ बसलो. आतून मालनचा आवाज येत होता.

"हे सात कोण? सांगा बघू."

"बाज," एक मुलगी म्हणाली.

"पुस्तकात तर सप्तर्षी लिहिलंय."

"पुस्तकात असंल. ती म्हातारीची बाज हाय. चार खूर आन् तीन चोर."

"चोर कशाला आलेत?"

"खूर सोन्याचे हायेत."

"मग म्हातारी झोपत नसेल."

"झोपली तर नेतील ना, बाई."

साहेबांचं हसणं ऐकू आलं. मला वाटलं, निभतंय. तेवढ्यात इन्व्हर्टर टींव टींव करायला लागला आणि पंखा बंद पडला. घुमट हळूहळू खाली बसू लागला. आत पोरांचा गिल्ला झाला.

मालन सरपटत बाहेर आली. केसांना कापडाची धूळ लागली होती. ती बॅटरीशी खाली बसली. बॅटरीकडे बघितलं, कडीचा दोरा बोटानं वर करून बघितला. मला तो वेळ फार लांब वाटला.

"खाली जाऊन बसमधली आणतो," मी म्हणालो. "तासात येतो."

"साठ पोरं तासभर बसणार नाहीत. साहेबही नाही." ती उठली. "बॅटरीत पंख्यापुरता जीव नाही, पण बल्बापुरता असेल. पंखा तोडा. बल्ब सरळ बॅटरीला लावा. गुरुजी, दोरखंड आहे?"

विहिरीचा दोर आला. घुमटाच्या टोकाला वाळत घालायची एक कडी होती. तिच्यातून दोर ओवून पडवीच्या आडव्या वाशावरून टाकला. मोठ्या मुलींना तिनं चारी बाजूंनी कापडाच्या कडा धरायला उभं केलं. मी दोर ओढला तसा घुमट तंबूसारखा वर आला.

"खांबाला बांधतो," मी म्हणालो.

"बांधायचा नाही. हातात धरून उभं राहायचं."

ती आत गेली. बल्ब लागला. पहिल्यापेक्षा मंद होता, पण मावळतीला जाताना तारे असेच पिवळट दिसतात, असं तिनं आत सांगून टाकलं आणि तोच धडा केला. चाळीस मिनिटं. मी दोर धरून उभा. पंधराव्या मिनिटाला माझ्या पायापर्यंत कळ गेली. मी वाकलो, गुडघ्यावर टेकलो, दोराला लोंबकळल्यासारखा झालो, पण सोडला नाही. मध्ये एकदा मालन पाणी प्यायला बाहेर आली. माझ्याकडे बघत उभी राहिली. मग अर्धा पेला पाणी तसंच ठेवून आत गेली.

खेळ झाल्यावर गुरुजींनी ओसरीवर चहा दिला. साहेबांनी बॅग उघडून कागद काढला, पण पेन खिशातच राहू दिलं.

"भवर बाई, तुम्ही आत जे केलंत ते मी पाहिलं. मुलं हलली नाहीत. पण फाट्यावर गाडी बंद, इथं पंखा बंद. मला रिपोर्ट लिहायचाय. जीपची बॅटरी ही ड्रायव्हरची जबाबदारी ना?"

"नाही साहेब. बॅटऱ्या फिरवायचं गणित माझं. त्यात चूक राहिली."

"गणित दोन वर्षं बरोबर होतं."

"दोन वर्षं चूक दिसली नव्हती."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी दोर गुंडाळत होतो. "यांनी बॅटऱ्या बदलल्याच नाहीत, असं तर नाही?"

"मी उत्तर दिलं, साहेब."

"बाई, नीट विचार करा. तुमच्या नावावर निष्काळजीपणा लिहिला तर ही सही मला करता येणार नाही."

"लिहा."

माझं तोंड उघडायला तेवढा वेळ पुष्कळ होता. साहेबांनी चहा संपवला, बशी बाजूला ठेवली, कागद घडी करून बॅगेत ठेवला, बॅगेचा पट्टा लावला. मी दोर गुंडाळत राहिलो. मला तेव्हा खरंच वाटलं की दोऱ्यांनी तिला फसवलंय. तिला आपलंच गणित चुकलं असं वाटतंय. आणि लाज वाटण्याआधी मला जे वाटलं ते सांगतो. मला सुटल्यासारखं वाटलं.

तीन महिन्यांनी बघू, असं साहेब म्हणाले होते. दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी फाइल उघडली की पहिला तो निष्काळजीपणाचा रिपोर्टच दिसायचा. मालननं पुढं अकरा वर्षं ते काम केलं, कंत्राटावरच. पाचशेच्या वर शाळा झाल्या. तिनं तारे दाखवलेली एक मुलगी पुढं आपल्याच शाळेत शिक्षिका झाली आणि आपला वर्ग घेऊन घुमटात आली.

त्या दिवशी घाट उतरून आल्यावर तिनं तव्यावर मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि न विचारता माझ्या कमरेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या सुताराकडून एक फळी घेतली. तिला खाली जुन्या बेअरिंगची चाकं आणि पुढं दोरी. बसमधली बॅटऱ्यांची पेटीही तिनं फळीच्या उंचीला आणून घेतली. "मलाही सरकवता याव्यात म्हणून," म्हणाली. त्यानंतर बॅटऱ्या उचलाव्या लागल्या नाहीत. नुसत्या या पेटीतून फळीवर आणि फळीवरून त्या पेटीत ओढायच्या.

अठरा वर्षांनी, आम्ही दोघं घरी बसलेले होतो तेव्हाची गोष्ट. तिला डॉक्टरांनी फार हिंडूफिरू नका सांगितलं होतं. दुपारची वेळ, ती मेथी निवडत होती. कसं कोण जाणे, मी म्हणालो, "मालन, त्या साहेबांच्या वेळी मी बॅटऱ्या बदलल्या नव्हत्या. दोरे बदलले होते."

ती काड्या बाजूला करत राहिली. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"दोरा वर करून बघितला तेव्हापासून. माझी गाठ एवढीशी असते. तुमची ताडपत्री बांधायची गाठ. आणि बॅटरीवर चार दिवसांची धूळ."

"तेव्हा रागावली नाहीस."

"कोण म्हणतं? दोर खांबाला बांधता आला असता की."

"म्हणजे मुद्दाम धरायला लावलास?"

"मुद्दाम. चाळीस मिनिटं धरू दे म्हटलं. मग पाणी प्यायला बाहेर आले, तर तुम्ही गुडघ्यावर. तेव्हा कळलं कंबर गेलीय. तोवर मला वाटत होतं, आळस केलात."

"मग साहेबांना सांगायचं होतंस. तुझी सही होती."

"काय सांगायचं? कुठली किती भरते, किती रिकामी होते, सगळं मी गणितात धरलं होतं. उचलणाऱ्याची पाठ धरलीच नव्हती. दोन वर्षं रोज ऐंशी किलो. मी गणित चुकलं म्हणाले ते खरंच म्हणाले." तिनं निवडलेली जुडी परातीत टाकली. "पण ती निम्मी चूक. उरलेली निम्मी तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

"अठरा वर्षं?"

"तुम्ही कुठं जाणार होतात?"

मी उठलो आणि कागद घेऊन आलो. ठोंबरे साहेब रिटायर होऊन नाशकातच राहत होते, पत्ता माहीत होता. आता त्याचा उपयोग काय, असं ती म्हणाली नाही. परात बाजूला सारून तिनं मला जागा करून दिली. मला लिहायला वेळ लागतो. अर्धा तास लागला. काय घडलं ते सगळं लिहिलं आणि शेवटी लिहिलं, "यात चूक सगळी माझी होती."

तिनं चष्मा लावून वाचलं. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. मग "सगळी" वर काट मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, "निम्मी".

"आता टाका पोस्टाच्या पेटीत," ती म्हणाली.